कॅनचा 'साउंडट्रॅक्स': चित्रपट न पाहता वाजवलेलं चित्रपटसंगीत

प्रश्न असा आहे: आमचा चार जणांचा रॉक बँड आहे. एका मैत्रिणीच्या पहिल्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत आम्ही करतोय. जर्मनीच्या कॅन बँडचा 1970 मधला 'साउंडट्रॅक्स' ऐका, असं दोघातिघांनी सांगितलं. ऐकला, आवडला. पण पाच वेगवेगळ्या चित्रपटांची सात गाणी एकत्र आलीत, तर त्याला अल्बम म्हणायचं की नुसतं संकलन? आणि रफ कट (चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी) समोर घेऊन बसलेल्या आमच्यासारख्यांनी त्यातून नेमकं काय घ्यायचं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण हे संगीत कसं तयार झालं ते कळलं की हा अल्बम काय आहे हेही कळतं.

कॅनमध्ये चित्रपट बघायचा तो एकटा इर्मिन श्मिट. तो कीबोर्ड वाजवायचा. चित्रपट पाहून आला की बाकीच्यांना गोष्ट सांगायचा: माणसं कोण आहेत, प्रसंगात ताण कुठे आहे, हवा कशी आहे, संगीत कुठे हवंय. बाकीचे वादक आणि गायक एकही फ्रेम न पाहता वाजवायला बसत. पडद्याकडे बघून सुरू करणं, थांबणं हा प्रकारच नव्हता. त्यांच्यापुढे असायची ती श्मिटच्या तोंडून ऐकलेली गोष्ट, आणि एकमेकांचं वाजवणं.

माझं काम पार्श्वसंगीताचं. मराठी चित्रपट, माहितीपट, मालिका यांवर मी पुष्कळ वर्षं काम करते आहे, आणि आमच्या खोलीत चित्र सतत डोळ्यांसमोर असतं, कोपऱ्यात टाइमकोड, म्हणजे फ्रेमची वेळ दाखवणारे आकडे, पळत असतो. चित्राकडे बघत वाजवलं की हात नकळत चित्राची नक्कल करायला लागतो. दार उघडलं की कॉर्ड बदलते, नायिकेनं मान वळवली की बासरी येते. कार्टूनमध्ये ते शोभतं, आणि धंद्यात त्याला मिकी-माउसिंग असंच म्हणतात. माणसांच्या गोष्टीत मात्र अशा संगीतामुळे प्रेक्षकाला तीच बातमी दोनदा मिळते, एकदा डोळ्यांनी आणि एकदा कानांनी. कॅनच्या वादकांना नक्कल करायला काही समोरच नव्हतं. त्यामुळे त्यांनी प्रसंगातल्या घटना सोडून प्रसंगाची अवस्था वाजवली. या अल्बमची सगळी ताकद मला तिथे दिसते.

हे कुणालाही जमलं असतं असं नाही. ती माणसं कोण होती ते बघा. बँड 1968 मध्ये कोलोन शहरात जमला. श्मिट शिकलेला ऑर्केस्ट्रा-संचालक. 1966 मध्ये तो संचालकांच्या एका स्पर्धेसाठी न्यूयॉर्कला गेला आणि तिथे टेरी रायली, स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकारांचं पुनरावृत्तीवर उभं असलेलं संगीत ऐकून त्याची दिशाच बदलली. बेसवादक होल्गर चुकाय आणि श्मिट, दोघेही कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन या प्रयोगशील जर्मन संगीतकाराचे विद्यार्थी. ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून आलेला, आणि त्या मोकाटपणाचा कंटाळा येऊन एकाच ठेक्यावर स्थिर झालेला. गिटारवादक मिखाएल कारोली त्या तिघांहून दहाएक वर्षांनी लहान, चुकायचा विद्यार्थी, रॉकच्या वयाचा. तिशी ओलांडलेली, संगीताचं रीतसर शिक्षण झालेली माणसं सगळं बाजूला ठेवून एकाच आवर्तनात तासन्‌तास राहायला तयार झाली होती. लीबेत्साइटचा ठेका ऐकताना आपल्या कानाला ओळखीचं काहीतरी लागतं, ते याचमुळे. तो जागा भरत नाही, आवर्तन राखतो.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे कोलोनजवळच्या नॉर्वेनिख या गावातल्या जुन्या गढीतल्या खोल्या. तिथे ते दोन ट्रॅकच्या टेप मशीनवर ध्वनिमुद्रण करत. दोन ट्रॅक म्हणजे सगळे एकत्र वाजवणार आणि तोल तिथल्या तिथे ठरणार. नंतर ड्रम वर घेऊ, बेस खाली करू, ही सोय नाही. कुणी चुकीच्या क्षणी मोठ्यानं वाजवलं तर ते तसंच राहणार. अशा खोलीत माणसं एकमेकांचं ऐकायला शिकतात, आणि ते ऐकणं या अल्बममध्ये जागोजागी जाणवतं. लीबेत्साइट जरासा हलका झाला की कारोलीची गिटार लगेच मागे सरते.

मग चुकाय ब्लेड घेऊन बसायचा. लांबलचक वाजवलेल्या टेपमधून तुकडे कापायचे, चिकटवायचे, त्यातून रचना उभी करायची. हे कौशल्य त्यानं रॉक संगीतातून घेतलेलं नाही. कोलोनच्या रेडिओ केंद्रात इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रसिद्ध स्टुडिओ होता, श्टोकहाउझेन तिथेच काम करायचा, आणि टेप कापून संगीत रचण्याची पद्धत त्या शहराच्या हवेत होती. चुकायनं 1969 मध्ये 'कॅनॅक्सिस' नावाचं काम केलं, तेही याच पद्धतीनं: टेपच्या लूपांवर दूरदेशीचे आवाज रचून. 'साउंडट्रॅक्स' ऐकताना हे लक्षात ठेवा, की इथे संगीताचा लेखक दोनदा बदलतो. आधी पाच जण मिळून वाजवतात, मग एक जण कापतो. चित्रपटाशी जुळवणं हे त्या दुसऱ्या पायरीवर होतं.

आता 'मदर स्काय'. साडेचौदा मिनिटांची ही रचना म्हणजे अल्बमचा कणा, आणि तुम्हाला शिकायला सगळ्यात जास्त इथेच मिळेल. सुरुवातच मध्यातून होते. कारोलीची गिटार जणू बऱ्याच वेळापासून पेटलेली आहे आणि आपण आत्ता दार उघडलं, असं. ना प्रस्तावना, ना हळूहळू चढत जाणं. दोनेक मिनिटांनी तो सगळा कल्लोळ एकदम खाली येतो आणि नवा गायक दामो सुझुकी याचा जवळजवळ कुजबुजता आवाज पुढे येतो. बेस आणि ड्रम मात्र त्याच चालीनं चाललेले. चुकायचा बेस थोडक्याच सुरांभोवती फिरत राहतो, लीबेत्साइट लय सोडत नाही, आणि त्या जमिनीवर बाकीचे येतात, जातात, पेटतात, विझतात. एकदा फक्त बेस ऐका. मग पुन्हा पहिल्यापासून फक्त ड्रम ऐका. इतक्या कमी सामग्रीवर साडेचौदा मिनिटं कशी तगतात हे तेव्हाच उमगतं: बदल सुरांत फारसा होत नाही, तो घनतेत होतो.

ही रचना येझी स्कोलिमोव्स्कीच्या 'डीप एंड' या 1970 च्या चित्रपटातली. पंधरा वर्षांचा माइक लंडनमधल्या एका सार्वजनिक स्नानगृहात कामाला लागतो आणि तिथल्या सूझन या वयानं मोठ्या सहकारी मुलीच्या नादात स्वतःला हरवून बसतो. चित्रपट लंडनचा असला तरी त्याचं बरंचसं चित्रीकरण म्यूनिखमध्ये झालंय, दिग्दर्शक पोलिश, संगीत कोलोनचं, शिवाय कॅट स्टीव्हन्सचं गाणंही आहे. 'मदर स्काय' येतं ते माइक रात्री सोहोच्या गल्ल्यांत सूझनच्या मागावर भटकतो तेव्हा. तो तिची वाट बघत रेंगाळतो, हॉट डॉग खात राहतो, सूझनसारख्या दिसणाऱ्या बाईचा पुठ्ठ्याचा कटआउट उचलून पळतो. प्रसंगात थोडा विनोद आहे, थोडी लाज आहे, थोडी भीती आहे. संगीत यातलं काहीच अधोरेखित करत नाही. ते एकच गोष्ट करतं: या मुलाच्या डोक्यात थांबायचं नाव न घेणारं जे काही चाललंय, ते चालू ठेवतं. तो हसवतो तेव्हाही तीच लय, तो घाबरतो तेव्हाही तीच लय. म्हणून तर आपल्याला त्याची काळजी वाटायला लागते. चित्रपट आधी पाहून मग अल्बम ऐकलात, किंवा उलट, तर आणखी एक गोष्ट दिसेल. चित्रपटात हे संगीत तुकड्यांनी येतं, आणि कुठूनही कापलं तरी तुटल्यासारखं वाटत नाही. आवर्तनावर उभ्या संगीताचा एडिटरला होणारा हा फार मोठा फायदा आहे. चाल, अंतरा, समारोप अशी बांधणी असलेलं गाणं मधेच कापलं की जखम दिसते.

'डेडलॉक'ची तीन गाणी अल्बमच्या सुरुवातीला येतात. रोलंड क्लिकचा हा चित्रपट म्हणजे वाळवंटात घडणारं जर्मन वेस्टर्न, चित्रीकरण इस्राएलमध्ये झालेलं. ओसाड वस्ती, लुटीचे पैसे, एकमेकांवर टपलेली तीन माणसं. वेस्टर्न म्हटलं की तेव्हा इटालियन वेस्टर्नच्या संगीताची छाप टाळणं कठीण होतं, आणि कारोलीची थरथरणारी गिटार त्या दिशेला वळतेही. पण सुझुकीचा ताणलेला आवाज तिला परत ओढतो. शीर्षकसंगीत दोन मिनिटांच्याही आत संपतं. 'टँगो व्हिस्कीमन' मला तिघांत सगळ्यात हुशार वाटतं: नाचाची लय उचललीय, आणि ती जरा लंगडी ठेवलीय, त्यामुळे त्या वस्तीत कुणाचंच पाऊल सरळ पडणार नाही हे गाण्यातूनच कळतं.

'डोन्ट टर्न द लाइट ऑन, लीव्ह मी अलोन' हे 'क्रीम' या म्यूनिखच्या श्वाबिंग भागातल्या तरुणाईवरच्या चित्रपटातलं. चित्रपट आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. गाणं मात्र टिकलं, त्यातल्या बासरीमुळे आणि सुझुकीच्या जवळून ऐकू येणाऱ्या आवाजामुळे.

सुझुकीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अल्बमचं वेगळेपण त्यात आहे. आधीचा गायक माल्कम मूनी, न्यूयॉर्कचा शिल्पकार, मनाचा तोल ढासळल्यामुळे 1969 च्या शेवटी अमेरिकेला परतला. मे 1970 मध्ये कॅनचा म्यूनिखला कार्यक्रम होता आणि गायक नव्हता. चुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेबाहेर बसले असताना रस्त्यावर गाणारा एक जपानी मुलगा त्यांना दिसला. त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर मंचावर होता. अल्बम आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे सुझुकीच्या काळातल्या इथल्या पाचही रचना त्या चार महिन्यांतल्या आहेत. नवा माणूस खोलीत आल्यावर बाकीचे जसे कान टवकारतात, तशी सावध, ताजी ऊर्जा त्यांत आहे.

उरलेली दोन गाणी मूनीची. रॉजर फ्रिट्झच्या 'मेडशेन मिट गेवाल्ट'साठीचं 'सोल डेझर्ट' रखरखीत आहे. एकच ठेका, घसा खरवडत पुन्हा पुन्हा तेच म्हणणारा आवाज, कुठेही सुटका नाही. चित्रपट बलात्कारासारख्या विषयावरचा आहे आणि तिथे गोड सूर लावणं हा अपराध ठरला असता. बँडनं तो केला नाही. अल्बमचा शेवट थॉमस शामोनीच्या चित्रपटातल्या 'शी ब्रिंग्ज द रेन'नं होतो. हे जवळपास सरळ जॅझ गाणं आहे: चालता बेस, सौम्य गिटार, मूनीचा मऊ आवाज. ज्या माणसानं 'सोल डेझर्ट' गायलं त्यानंच हे गायलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. पुढे 1994 मध्ये विम वेंडर्सनं हे गाणं 'लिस्बन स्टोरी'त घेतलं, ज्याचा नायक ध्वनिमुद्रक आहे. एका चित्रपटासाठी केलेलं गाणं दोन दशकांनंतर दुसऱ्या चित्रपटात सहज बसलं, याचं कारणही तेच: त्यानं मूळ चित्रपटाला क्षणाक्षणाला चिकटून राहायचं नाकारलं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. हा अल्बम बँडचा दुसरा खरा, पण त्याला आमचा क्रमांक दोन समजू नका, तो नंतर येतोय, अशा अर्थाची सूचना त्यांनी स्वतःच कव्हरवर छापली होती. क्रमांक दोन म्हणजे 1971 चा 'टॅगो मॅगो' हा दुहेरी अल्बम. बँडनंच याला बाजूचं काम मानलं होतं. मी मात्र बँडशी सहमत नाही. 'साउंडट्रॅक्स' नसता तर 'मॉन्स्टर मूव्ही' या पहिल्या अल्बमवरून थेट 'टॅगो मॅगो'वर उडी समजलीच नसती. चित्रपटांनी त्यांना बंधनं दिली: अमुक इतकी मिनिटं, अमुक एक हवा, आणि उद्या हवंय. पहिल्या अल्बमवर एक रचना अख्खी बाजू व्यापते. इथे तीन-चार मिनिटांच्या पाच रचना आहेत आणि प्रत्येकीचं जग वेगळं आहे. त्या सगळ्या वेगळ्या असूनही एकाच खोलीतल्या वाटतात, कारण खोली, मशीन, ठेका आणि ब्लेड तेच आहे. माझ्या लेखी अल्बम म्हणायला एवढं पुरतं. पिंक फ्लॉइडनं 1972 मध्ये 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' एका चित्रपटासाठी केला, पोपोल वू या जर्मन बँडनं वेर्नर हेर्त्झोगच्या 'आगिरे' या चित्रपटाला संगीत दिलं. दोन्ही मला प्रिय आहेत, पण तिथे एका चित्रपटाची हवा सगळ्याला बांधून ठेवते. पाच दिग्दर्शकांच्या पाच गोष्टी असताना बँडचा चेहरा टिकणं जास्त अवघड.

असे दिग्दर्शक तेव्हा मिळाले याला कारण होतं. 1962 मध्ये जर्मनीतल्या ओबरहाउझेनला 26 तरुण चित्रकर्मींनी जुना जर्मन सिनेमा मेला असं जाहीर केलं होतं. 1970 पर्यंत त्या पिढीला आणि तिच्या आसपासच्यांना चित्रपट करायला मिळू लागले, पण मोठ्या ऑर्केस्ट्राचे पैसे नव्हते आणि जुन्या पद्धतीचं संगीत त्यांना नकोही होतं. गरज दोन्ही बाजूंची होती. तुमच्या मैत्रिणीची आणि तुमची जशी आज आहे.

तर तुम्ही काय करावं? तुमच्यातल्या एकानंच रफ कट पाहावा. जो सगळ्यात चांगली गोष्ट सांगतो तो निवडा, वाजवण्यात अव्वल असलाच पाहिजे असं नाही. त्यानं दिग्दर्शिकेबरोबर बसून संगीत कुठे आत येणार, कुठे बाहेर पडणार हे ठरवावं, आणि मग बाकीच्या तिघांना शॉट न सांगता प्रसंग सांगावा. 'ती खिडकीकडे जाते' यावर वाजवता येत नाही. 'ती तीन दिवस झोपलेली नाही आणि घरात कुणाला ते कळलेलं नाही' यावर येतं. एडिटरनं रफ कटवर दुसऱ्याचं टेम्प, म्हणजे तात्पुरतं, संगीत लावलं असेल, तर तिघांनी ते ऐकूच नये. टेम्पची सवय झालेल्या कानातून स्वतःचं काही निघायला फार वेळ लागतो.

वाजवताना दहा-पंधरा मिनिटं सलग वाजवा, चित्रपटात चाळीस सेकंदच लागणार असली तरी. पहिली पाच मिनिटं बहुतेक वेळा वाया जातात, पण त्यांच्याशिवाय सहावं मिनिट येत नाही. ड्रमरला सांगा की फिल (ठेक्यामधल्या भरावाच्या छोट्या सजावटी) टाळ, ठेका धर. एडिटरला कापायला सोयीचं जे असतं ते तिथेच असतं. आज प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक घेणं सोपं आहे आणि अंतिम मिक्सच्या वेळी संवादांखाली संगीत बसवायला ते लागतंही, तेव्हा ट्रॅक जरूर वेगळे घ्या. पण वाजवा एकाच खोलीत, एकाच वेळी. वेगवेगळ्या घरांतून पाठवलेल्या फाइली जोडून हा परिणाम साधलेला मी अजून ऐकलेला नाही.

मग कापायला बसताना चित्र समोर घ्या, आणि त्या वेळी एकानंच कापा. चौघांनी मिळून कापलं की प्रत्येक जण आपली जागा वाचवतो. क्यूची, म्हणजे एका प्रसंगासाठीच्या संगीताच्या तुकड्याची, सुरुवात 'मदर स्काय'सारखी मधूनच करून बघा. संगीत आधीपासून चालू होतं आणि प्रेक्षक आत्ता आत आला, असं वाटलं तर प्रसंग उघडायला मदत होते. आणि हो, जिथे संगीताची गरज नाही तिथे ते काढून टाकायचं धाडस त्या एका माणसाला द्या.

ही पद्धत सगळीकडे चालते असं मी म्हणणार नाही. पाठलागात एका विशिष्ट फ्रेमवर आघात हवा असेल, किंवा नाच असेल, तर चित्र बघूनच वाजवावं लागतं. कॅनसुद्धा एकाच साच्यात राहिले नाहीत. जर्मन टीव्हीवरच्या 'दास मेसर' या तीन भागांच्या रहस्यमालिकेसाठी त्यांनी 'स्पून' केलं. रिदम मशीनच्या टिकटिकीवर लीबेत्साइटनं ड्रम वाजवले आणि तीन मिनिटांचं आटोपशीर गाणं झालं. तेच गाणं जर्मन यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं, आणि आडवळणाचं संगीत करणाऱ्या या बँडचं ते सगळ्यात मोठं यश ठरलं.

शेवटी कागदपत्रांचं, तुम्ही विचारलं नसलं तरी. कॅनमध्ये रचनांचं श्रेय सगळ्या बँडचं असे, कुणी कुठला सूर आणला याचा हिशेब नाही. एकत्र वाजवून, कापून संगीत तयार होणार असेल तर तुम्हीही चौघांची नावं समान ठेवा, आणि ध्वनिमुद्रणाच्या आधी लिहून घ्या. निर्मात्याशी करार करताना ही रेकॉर्डिंग नंतर तुमच्या अल्बमवर काढायची परवानगी, न कापलेल्या लांब आवृत्तीसकट, स्पष्ट शब्दांत मागा. ध्वनिमुद्रणाचे हक्क सहसा निर्मात्याकडे जातात आणि नंतर मागायला गेलं की कुणी फोन उचलत नाही. रॉयल्टीचं कलमही वाचा: 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारा वापर सोडून इतर वापरांतल्या रॉयल्टीत संगीतकाराचा समान वाटा असतो, आणि तो निर्मात्याला सोडून देता येत नाही. असं काही सोडून दिल्याचं कलम मसुद्यात दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.